मिरजेचा खर्ज

१९३७ सालच्या ऑक्टोबर महिन्याच्या २७ तारखेस, मद्रासेहून पाँडिचेरीकडे निघालेले एक गवई, प्रवासात छातीत कळ येऊ लागल्यामुळे, सिंगपेरुमाळकोईल नावाच्या एका लहानशा स्टेशनावर आपल्या सोबत्यांसह उतरले, फलाटावरच त्यांचे अंथरूण घालण्यात आले, आणि दरबारी कानड्याचे स्वर आळवीत असतानाच त्यांनी देह ठेवला, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. हे गवई म्हणजे किराणा घराण्याचे प्रवर्तक खाँसाहेब अब्दुल करीम खाँ. त्यांचा जन्म १८७२ सालचा, उत्तर हिंदुस्थानातील कैराना या गावचा. तारुण्यातील नोकरी बडोद्याच्या गायकवाडांची. संगीताची शाळा पुण्यास. मानमरातब म्हैसूरच्या दरबारचा. आणि मृत्यू तमिळ मुलखात. इतक्या ठिकाणांशी लागाबांधा असलेल्या या पुरुषाचा पार्थिव देह मात्र शेकडो मैलांचा प्रवास करून मिरजेस आणण्यात आला व मीरासाहेब या नावाने गावाच्या तोंडी असलेल्या ख्वाजा शमसुद्दीन यांच्या दर्ग्याच्या आवारात त्यास मूठमाती देण्यात आली. कैरान्याने त्यांना जन्म दिला होता, बडोद्याने अन्न दिले होते, पुण्याने शिष्य दिले होते. या सर्वांना मागे सारून अखेरचा हक्क मिरजेचा ठरावा, असे या गावाने त्यांना काय दिले होते, हा प्रश्न सहज मनात येण्याजोगा आहे.

सनदा, इनामे आणि बिदाग्या यांच्या नोंदींतून शोधू गेल्यास या प्रश्नाचे उत्तर हाती लागणार नाही. मिरजेने खाँसाहेबांस दिली ती श्रोत्यांची भक्ती. आता भक्ती ही वस्तू कोणत्याच दप्तरात जमा नसते, आणि म्हणून गायकांचा इतिहास लिहिणारे लोक श्रोत्यांच्या वाट्यास फारसे जात नाहीत. जास्तीत जास्त एखाद्या मैफलीत किती माणसे दाटली होती व पहाटेपर्यंत कोण हलले नाही एवढे सांगून ते पुढच्या रागाकडे वळतात. परंतु मिरजेपुरती गोष्ट निराळी आहे. येथील श्रोत्यांच्या प्रीतीने आपल्या मागे डोळ्यांनी पाहता येईल असा पुरावा ठेवला आहे: एक सतारमेकरांची गल्ली, एक उरुसातील हजेरीची चाल, आणि एक कबर. त्यांपैकी गल्ली सर्वांत जुनी, म्हणून प्रथम तिच्याकडेच वळणे इष्ट.

मिरज हे मुळात लढाऊ गाव. बहामनी व आदिलशाही अमलात येथील किल्ल्यास महत्त्व होते. शिवाजी महाराजांनी त्यास वेढा घातला होता. पुढे मोगलांच्या ताब्यात काही काळ गेल्यावर १७६१ साली तो गोविंद हरि पटवर्धन यांजकडे आला आणि पटवर्धनांच्या घोड्यांच्या टापांनी कृष्णाकाठ दुमदुमू लागला. सरंजामी फौज म्हटली म्हणजे तिच्या पाठीमागे लोहार, जीनगर, सुतार, शिकलगार असा कारागिरांचा मोठा लवाजमा असावयाचाच. शिकलगारांचे काम तलवारी, भाले, जंबिये यांस धार देणे व झिलई करणे; पोलादाचा स्वभाव त्यांच्या बोटांस वंशपरंपरेने ठाऊक. १८१८ साली पेशवाई बुडाली, दक्षिण महाराष्ट्रातील जहागीरदारांनी इंग्रजांशी तह केले, १८२० साली मिरज संस्थानाच्या वाटण्या होऊन त्यांतून थोरली पाती व धाकटी पाती निघाल्या. आणि मग कोणावर स्वारी करावयाची नाही व कोणाची स्वारी आपणावर यावयाची नाही असा निश्चिंत काळ सुरू झाला, जो संस्थानिकांस मानवला तरी शिकलगारांस उपाशी ठेवणारा होता. हत्यार हे ज्यांचे पोट, त्यांस शांतता ही आपत्तीच. याच मंडळींपैकी फरीदसाहेब नावाच्या कारागिराने, १८५० सालच्या सुमारास, गवयांची मोडकीतोडकी वाद्ये दुरुस्त करण्यास प्रारंभ केला, आणि दुरुस्ती करता करता नवे वाद्य घडविण्याची विद्या त्याने व त्याच्या बंधूने हस्तगत केली, अशी या धंद्याची उत्पत्ती त्यांचे वंशज सांगतात. शिकलगार हे आडनाव मागे पडून सतारमेकर हे आडनाव रूढ झाले. हिंदी आणि इंग्रजी शब्दांची ही मोट कानाला जरा चमत्कारिक वाटते खरी. पण ज्या काळात संस्थानिक स्वतःस महाराज म्हणवीत आणि पोलिटिकल एजंटापुढे मान तुकवीत, त्या काळाचे याहून नेमके प्रतीक शोधून सापडणार नाही.

तंबोरा घडविणे म्हणजे काय, हे थोडे तपशिलाने सांगितल्यावाचून पुढील मजकुराचा अर्थ लागणार नाही. पंढरपूर-मंगळवेढे या बाजूस भीमेच्या आसपासच्या शेतांत मोठ्या कडू भोपळ्यांचे पीक मुद्दाम याच कामासाठी घेतात. फळ एका अंगास कलू नये, त्याच्या बुडास डाग पडू नये, म्हणून ते वेलावर असतानाच त्याची निगा राखावी लागते, आणि पूर्ण वाळून खडखडीत झाल्यावर ते मिरजेस येते. येथे त्याचा माथा कापतात, ते पाण्यात भिजवून मऊ करतात, आतील गर व बिया खरवडून काढतात, आणि तोंड हव्या त्या आकाराचे व्हावे म्हणून आत काठ्यांचे आधार देऊन पुन्हा उन्हात वाळवितात. तुणाच्या लाकडाची पोकळ दांडी, त्याच लाकडाची किंचित फुगीर तबली, दांडी व भोपळा यांस जोडणारा गळा, खुंट्या, तारगहन, घोडी, लंगोट, मणी, असे एकेक अंग तयार होऊन सांधले जाते, त्यावर फुलपत्तीची नक्षी चढते आणि लाखेच्या रोगणाने सर्व काया तकतकीत होते. येथपर्यंतचे काम सुताराचे व चिताऱ्याचे. हुशार माणसास ते शिकता येते. खरी परीक्षा तारा चढल्यावर.

घोडीच्या पृष्ठभागावर तार जेथे टेकते तेथील उतार डोळ्यांस दिसणार नाही इतका सूक्ष्म असतो, आणि त्या उतारावरच वाद्याचा गळा अवलंबून असतो. कारागीर खर्जाची पितळी तार छेडतो, कान घोडीपाशी नेतो, तार सैल करून बाजूस सारतो, कानशीचे दोन हलके हात मारतो, तार पुन्हा जागी बसवितो व पुन्हा छेडतो. कमी घासले तर नाद मुका, अधिक घासले तर तो फाटतो आणि घोडीच निकामी होते. मग सुताचा एक धागा तार व घोडी यांच्यामध्ये घालून तो केसाच्या अंतराने पुढेमागे सरकवीत राहावयाचे. एका जागेवर तार अकस्मात उजळते, तिच्यातून झंकाराची एक अखंड लड निघू लागते, आणि कारागीर मान डोलावून पंचमाकडे वळतो. ही जवारी. ती मोजण्याचे माप नाही व ती लिहून ठेवण्याची लिपी नाही. जवारी उत्तम लागलेल्या तंबोऱ्याचा खर्ज शांतपणे ऐकत बसल्यास त्या एकाच तारेतून, कोणीही न छेडलेला, गांधार ऐकू येतो. यास जाणकार स्वयंभू गांधार म्हणतात. किराणा घराण्याच्या गायकीत जी स्वराची समाधी म्हणून सांगितली जाते, तिचे अधिष्ठान या गांधारात आहे असे माझे मत आहे.

हत्यारे जाऊन वाद्ये आली तरी वाद्यांस गिऱ्हाईक हवे, आणि ते येण्यास मिरजेच्या थोरल्या पातीचे अधिपती श्रीमंत गंगाधरराव उर्फ बाळासाहेब पटवर्धन यांची दीर्घ कारकीर्द कारणीभूत झाली. १८७५ ते १९३९ एवढा काळ ते गादीवर होते. ग्वाल्हेरचा ख्याल महाराष्ट्रात आणणारे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर त्यांच्या आश्रयास होते. आणि कुरुंदवाडच्या एका कीर्तनकाराचा मुलगा, दारूकामाने डोळ्यांस इजा झाल्यामुळे उपचारासाठी मिरजेस आला असता, शाळेचा नाद सोडून याच बुवांजवळ गाणे शिकू लागला. तो मुलगा म्हणजे विष्णु दिगंबर पलुस्कर. त्यांचाही जन्म १८७२ सालचाच. इतिहासास कधी कधी नाटककाराची हौस येते: एकाच वर्षी जन्मलेल्या या दोघांपैकी विष्णु दिगंबर १८९६ साली मिरज सोडून बाहेर पडले, पुढे १९०१ साली लाहोरास त्यांनी गांधर्व महाविद्यालय स्थापिले आणि गाण्यास चव्हाट्यावर प्रतिष्ठा मिळवून दिली, तर त्याच सुमारास अब्दुल करीम खाँ उत्तरेकडून येऊन मिरजेशी जोडले गेले. पहिल्याचा अंतही अखेर १९३१ साली मिरजेतच झाला.

गावाकडे माणसे येण्यास आणखीही कारणे होती. रेल्वेचा सांधा येथे झाला होता, त्यामुळे पुणे, कोल्हापूर, बेळगाव, धारवाड या सर्व बाजूंच्या गवयांस मिरज ओलांडल्यावाचून गत्यंतर नसे. आणि डॉक्टर विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ साली येथे मिशनचे रुग्णालय उघडल्यापासून दुखणाईतांची रीघ लागली होती. नाटक मंडळ्यांचेही हे आवडते ठाणे होते. १९०५ साली किर्लोस्कर मंडळीत नव्याने दाखल झालेल्या बालगंधर्वांनी शकुंतलेच्या वेषात पहिले पाऊल टाकले ते मिरजेच्याच रंगभूमीवर. मिरजेच्या हवेत गाणे आहे असे म्हणण्याची एक रीत पडली आहे. ती रीत गोड असली तरी ती मला मान्य नाही; हवेपेक्षा रेल्वेचा सांधा, डॉक्टराची शस्त्रक्रिया आणि संस्थानिकाचा खासगी खजिना यांचा हिस्सा या कीर्तीत अधिक आहे.

खाँसाहेब मिरजेस कसे आले याविषयीची हकीकत गावात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते ती अशी. बडोद्याच्या राजघराण्याशी नाते असलेल्या माने कुटुंबातील ताराबाईंसह त्यांनी बडोदे सोडले होते. मुंबई इलाख्यात प्लेगने हाहाकार मांडला होता. मिरजेस असता त्यांना प्लेगची गाठ आली आणि आशा सुटत चालली, तेव्हा मीरासाहेबांच्या दर्ग्यात जाऊन गाण्याची त्यांना प्रेरणा झाली, ते गायिले आणि बरे झाले. या कथेत वैद्यकाने हसावे असे पुष्कळ आहे. परंतु कथेचा परिणाम मात्र निर्विवाद आहे, तो असा की तेव्हापासून खाँसाहेबांनी हा दर्गा आपला मानला, प्रतिवर्षी उरुसास येऊन तेथे गाण्याचा परिपाठ ठेवला, आणि गावाने त्यांस आपले मानले. त्यांची कन्या हिराबाई बडोदेकर १९०५ साली मिरजेसच जन्मली. पुढे खाँसाहेबांनी १९१३ साली पुण्यास आर्य संगीत विद्यालय काढले, शिष्यांस घरी ठेवून जेवूखावू घालून शिकविले, टिपू नावाच्या कुत्र्यासही स्वर लावण्यास शिकवून लोकांस थक्क केले. १९२२ साली ताराबाई मुलांसह विभक्त झाल्या. आणि आयुष्याच्या उत्तरार्धात ते मिरजेस स्थिरावले. त्यांच्या संसारातील या घटनांवर पुष्कळ लिहिले गेले आहे, त्यात येथे भर घालण्याचे प्रयोजन नाही.

आपल्या प्रतिपाद्यास अधिक जवळची गोष्ट निराळीच आहे. खाँसाहेब वाद्यांच्या दुरुस्तीत स्वतः निष्णात होते. हत्यारांची पेटी ते जवळ बाळगीत, आणि तंबोऱ्याचे किंचितही अंग बिघडलेले दिसले की गाण्याचे सोडून त्याच्या मागे लागत. बीन ते उत्तम जाणत. सांगलीचे रहिवासी, निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी बावीस श्रुतींचे गणित मांडण्याचा उद्योग हाती घेतला व सिव्हिल सर्व्हिसमधील अर्नेस्ट क्लेमंट्स हे न्यायाधीश त्यांस येऊन मिळाले, तेव्हा त्या दोघांच्या आकड्यांस प्रत्यक्ष कंठाची साक्ष देण्याचे काम खाँसाहेबांनी केले. देवलांचे पुस्तक १९१० साली व क्लेमंट्स यांचे १९१३ साली प्रसिद्ध झाले. त्या सिद्धान्तानुसार विलायतेत एक श्रुती-हार्मोनियमही तयार करविण्यात आली. तिचे पुढे फारसे काही झाले नाही. श्रुती पेटीत बसत नाहीत असे म्हणणाऱ्यांचा जय झाला, आणि मला वाटते तो व्हावयासच हवा होता. परंतु एक माजी डेप्युटी कलेक्टर, एक इंग्रज जज्ज आणि एक मुसलमान गवई हे तिघे एका तारेच्या कंपनसंख्येवर डोके टेकून बसले आहेत, हे दृश्य कृष्णाकाठच्या या मुलखावाचून अन्यत्र कोठे घडले असते असे वाटत नाही.

मिरजेच्या श्रोत्यांस खाँसाहेबांचे जे वेड लागले ते केवळ त्यांच्या कंठाचे असते तर ते त्यांच्याबरोबर मावळले असते. त्यांचा आवाज काही भरदार नव्हता. बारीक, टोकदार, किंचित अनुनासिक आणि अत्यंत सुरेल असा तो होता, आणि लयीच्या चमत्कृतीपेक्षा स्वराचा विस्तार हेच त्यांच्या गायकीचे सर्वस्व होते. अशा गाण्यास तंबोरा हा नुसता साथीदार राहत नाही, तो गाण्याची भूमीच होतो. भूमी डळमळली तर त्यावरील स्वराचे घर क्षणभरही उभे राहावयाचे नाही. ज्या गावात जवारी काढणारे हात शेजारच्या गल्लीत होते, ज्या गावातील कानसेनांस घोडीवरील एका घासणीचा फरक कळत होता, त्या गावास या गायकीची गोडी लागावी आणि त्या गायकास या गावाची लागावी, हे एकमेकांस पूरकच घडले. गवई षड्ज लावण्यापूर्वीच तंबोरे जुळताना जुना दर्दी श्रोता डोळे मिटून बसतो आणि तारा एकजीव झाल्या की हलकेच दाद देतो, हे मिरजेच्या बैठकीत ज्याने पाहिले नसेल त्याने ते पाहण्याची इच्छा अवश्य धरावी.

श्रोत्यांनी खालच्या तारेवर प्रेम करावे, ही गोष्ट जगात अगदीच एकाकी आहे असे नाही. पाश्चात्य देशांत ज्यास प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणतात, त्या दीर्घ व गुंतागुंतीच्या रचनांच्या संगीताचे जे एकनिष्ठ चाहते आहेत, त्यांच्यात बास गिटार वाजविणाऱ्याविषयी असाच आदर आढळतो. 'येस' नावाच्या इंग्रजी वाद्यवृंदाचा बासवादक क्रिस स्क्वायर हा १९६८ सालच्या स्थापनेपासून २०१५ साली मृत्यू येईपर्यंत त्यात टिकून राहिला; गायक बदलले, पेटीवाले बदलले, परंतु त्याच्या हयातीत निघालेल्या त्या वृंदाच्या प्रत्येक ध्वनिमुद्रिकासंचात खालचे सूर त्याचेच होते, आणि म्हातारपणीही त्याच्या त्या जाड तारांच्या गर्जनेसाठी माणसे तिकिटे काढीत. फरक एवढाच की तेथे खालची तार वाजविणाऱ्याचे नाव होते, चित्र होते, त्याच्या गिटारीच्या बनावटीची चर्चा होती. आपल्याकडे गवयाच्या मागे बसून चार तास तंबोरा छेडणाऱ्या शिष्याचे नाव निमंत्रणपत्रिकेवर छापण्याची पद्धत नव्हती, आणि तो तंबोरा ज्याने घडविला त्याचे तर कोणी विचारीतही नसे. मिरज या नियमास अपवाद आहे. येथे तंबोऱ्याचे नाव घराण्याने घेतले जाते, अमक्या घरचा म्हणून, जसे ख्यालाचे घेतले जाते.

१९३० च्या पुढे ओडियन कंपनीने खाँसाहेबांच्या ज्या तबकड्या काढल्या, त्यांनी या प्रीतीचे क्षेत्र एकाएकी विस्तारले. 'पिया बिन नहीं आवत चैन' ही झिंझोटीतील आणि 'जमुना के तीर' ही भैरवीतील ठुमरी दुकानादुकानांतून वाजू लागली. गदगसारख्या दूरच्या गावी भीमसेन जोशी नावाच्या शाळकरी मुलाने तशी एक तबकडी ऐकली आणि तो गुरूच्या शोधात घर सोडून पळाला, हे आता सर्वश्रुत आहे. त्यास जो गुरू अखेर लाभला तो खाँसाहेबांचाच शिष्य, कुंदगोळचे रामभाऊ उर्फ सवाई गंधर्व. तीन मिनिटांच्या तबकडीत तंबोरा नीट ऐकूही येत नाही. जो मिरजेचा श्रोता नव्हता त्यास कंठ मिळाला आणि भूमी मिळाली नाही. ती शोधण्यासाठी त्यास मिरजेकडे यावे लागले, आणि पुष्कळ जण आले.

आता हजेरीविषयी. मीरासाहेबांचा उरूस हा सर्व गावाचा; पहिला मानाचा गलेफ चर्मकार समाजाचा, ही तेथील परंपरा आजही पाळली जाते, आणि मानाच्या बाबतीत एरवी अत्यंत काटेकोर असलेल्या आपल्या समाजात ही एक विचार करण्याजोगी गोष्ट आहे. खाँसाहेब हयात असताना या उरुसात स्वतः गात. त्यांच्या पश्चात त्यांच्या शिष्यांनी व चाहत्यांनी तोच क्रम पुढे चालविला, आणि दर्ग्याच्या आवारातील चिंचेच्या झाडाखाली रात्र रात्र चालणारी संगीतसभा ही उरुसाचा अविभाज्य भाग झाली. हिराबाई बडोदेकर, गंगूबाई हनगल, भीमसेन जोशी यांच्यासारखे कलावंत येथे गाऊन गेले. दरबारात गवई जातो तो बिदागीसाठी, नाट्यगृहात जातो तो कराराने. येथे तो येतो तो हजेरी लावण्यासाठी, आणि मानधनाचा प्रश्न त्यात दुय्यम राहतो. समोर बसलेल्यांत शहाणे असतात, तसेच उरुसाची मिठाई खाऊन सहज टेकलेले शेतकरीही असतात. तिकीट नसल्यामुळे कोण दर्दी व कोण अडाणी याची निवड दारावर होत नाही. १९५२ साली सवाई गंधर्व निवर्तले व त्यांच्या स्मरणार्थ भीमसेन जोशी यांनी पुण्यास १९५३ पासून जो उत्सव सुरू केला, तो पुढे विशाल मंडपांचा व सहस्रावधी श्रोत्यांचा झाला. गुरूच्या गुरूचा मिरजेचा उत्सव त्याहून जुना असूनही तसा वाढला नाही. न वाढल्यामुळे त्याचे काही बिघडले असे मला वाटत नाही.

१९४८ साली संस्थाने विलीन झाली, मिरज मुंबई प्रांतात व त्यातून पुढे दक्षिण सातारा जिल्ह्यात गेले, आणि १९६० साली त्या जिल्ह्याचे नाव सांगली झाले. दरबारी आश्रय संपला; पण ज्या धंद्याची सुरुवातच एक आश्रय संपल्यामुळे झाली होती, त्यास दुसरा आश्रय संपल्याने मरण आले नाही. रेडिओची केंद्रे, संगीत विद्यालये, गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांस बसणारी हजारो मुले, आणि १९६० नंतर बीटल्समधील जॉर्ज हॅरिसनने पंडित रविशंकरांचे शिष्यत्व पत्करल्यावर पश्चिमेत पसरलेले सतारीचे आकर्षण, या सर्वांनी गल्लीस काम पुरविले. खरा आघात वेगळ्या दिशेने आला. १९७९ साली बंगळूरच्या राजनारायण यांनी विजेवर चालणारा तंबोरा सिद्ध केला. पुढे तो लहान होत होत पेटीत, आणि आता तर खिशातील फोनमध्ये जाऊन बसला. तो कधी उतरत नाही, त्यास भोपळा नाही की जवारी नाही, तो पावसाळ्यात सर्दाळत नाही. एकट्याने रियाझ करणाऱ्या विद्यार्थ्यास त्याचा उपयोग आहे हे नाकारणे अन्यायाचे होईल. परंतु त्याच्यातून स्वयंभू गांधार निघत नाही, निघतो तो कोणीतरी आधीच भरून ठेवलेला. आणि ज्यांचे कान अशा गांधारावर वाढले त्यांस तंबोऱ्याची किंमत जास्त का, असा प्रश्न पडू लागला आहे. कारागिराच्या मुलास तो प्रश्न गिऱ्हाइकाच्या तोंडून वारंवार ऐकावा लागतो, आणि मग त्यांतील काही जण साहजिकच दुसऱ्या नोकरीची वाट धरतात.

२०२४ साली मिरजेच्या सतारीस व मिरजेच्या तंबोऱ्यास भौगोलिक मानांकन मिळाले. दोन्हींच्या नोंदी स्वतंत्र झाल्या, हे विशेष योग्य झाले, कारण तंबोरा म्हणजे पडदे नसलेली सतार असे समजणारे लोक सरकारात काय आणि बाहेर काय, पुष्कळ आहेत. मानांकनाने दुसऱ्या गावच्या मालावर मिरजेचे नाव घालण्यास आळा बसेल एवढी अपेक्षा रास्त आहे. जवारी काढणारा हात मात्र नोंदणीने तयार होत नाही. त्यासाठी एखाद्या पोराने दहा-बारा वर्षे घोडी बिघडवावी लागतात, आणि त्या बिघडविण्याचा खर्च सोसणारा वस्ताद लागतो. असे वस्ताद मिरजेत अद्याप आहेत. म्हणून ज्यांस त्या उरुसात चिंचेखाली गावयाचे असते, त्यांस येताना आपला जुना तंबोरा बरोबर आणणे सोईचे पडते. गल्ली जवळच असल्यामुळे खाँसाहेबांपुढची हजेरी आणि घोडीची घासणी ही दोन्ही कामे एकाच खेपेत उरकतात.